दुसऱ्या गेटवर

६ जानेवारी, सोमवार

सकाळी १४८/९६. डॉक्टर म्हणाले, रोजचं बीपी वहीत लिहा आणि त्या दिवशी डोक्यात काय चाललं होतं तेही दोन ओळी लिहा, म्हणजे कशानं वाढतं ते कळेल. आज कशानं वाढलं ते वहीशिवायही कळतंय. पुनमचा फोन आला होता.

पुनम माझी कॉलेजपासूनची मैत्रीण. पंचवीस वर्षं झाली. मी अमळनेरला घरी ब्लाउज शिवते, ती धुळ्याला शाळेत चित्रकला शिकवते. लग्न केलं नाही, देवपुरात एकटी राहते. दर जानेवारीत जळगावला हातकामाच्या वस्तूंचा मेळा भरतो आणि तो एक दिवस आम्ही दोघी कुणाला देत नाही. ती सकाळच्या एसटीनं अमळनेरला येते, माझ्याकडे चहा घेते, मग दोघी रेल्वेनं जळगाव. एकदा जावेच्या घरी सुपारी फुटायची होती त्याच दिवशी, तर मी म्हटलं होतं, मी संध्याकाळी येईन. जाऊ अजून ते काढते.

आज फोनवर पुनम म्हणाली, "यंदा मी थेट जळगावलेच येस. ज्योत्स्नाबी ई राहिनी."

आम्ही दोघी आपसात अहिराणीच बोलतो. पण आज तिच्या तोंडून ते वाक्य मला परक्या भाषेतलं वाटलं. मी विचारलं, ज्योत्स्ना कशाला? तर म्हणे, तिला पण बघायचा आहे मेळा.

ही ज्योत्स्ना तिच्याच शाळेत विज्ञान शिकवते. तीस-बत्तीसची असेल. चोपड्याकडची, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातली. दोन वर्षांपासून पुनमच्या बोलण्यात हेच नाव. ज्योत्स्नानं भाजी आणली, ज्योत्स्नानं गॅस नोंदवला. दिवाळीत पुनमनं स्कूटी विकून टाकली, कारण काय, तर ज्योत्स्ना रोज शाळेत सोडते. स्वतःची चांगली गाडी विकून दुसरीच्या मागे बसायचं, ही कसली हौस?

९ जानेवारी, गुरुवार

१४२/९२. यांना सांगितलं की पुनम यंदा दुसरीला घेऊन येतेय. हे नरडाण्याला कंपनीत जातात, सकाळी गाडी पकडायची घाई असते. बूट घालता घालता म्हणाले, "मग काय झालं? तिघी जा." पुरुषांना सांगण्यात अर्थ नाही.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. पुनमला तिळाच्या लाडवांचा डबा पाठवणार होते, पण मेळ्यातच देईन म्हणून ठेवला. तिच्यासाठी जांभळ्या खणाचा ब्लाउज शिवलाय. बाह्यांना तिला आवडते तशी बारीक पट्टी लावली. ज्योत्स्नाला काही देणार नाही. ओळख नाही, पाळख नाही.

२० जानेवारी, सोमवार

१६०/१००. गोळी घेतली. कालचं सगळं लिहून काढते, नाहीतर शिवणावर हात चालणार नाही.

जळगावला पोचले तेव्हा साडेदहा झाले होते. दोघी मोठ्या गेटपाशी उभ्या होत्या. पुनम माझ्याकडेच बघत होती, पण मी अगदी जवळ जाऊन "पुनम" म्हणेपर्यंत तिच्या चेहऱ्यावर काही नाही. पंचवीस वर्षांची मैत्रीण समोरून चालत येते आणि हिचं लक्ष नाही. मग एकदम हसली, मिठी मारली. मिठी मारतानाही तिचा दुसरा हात ज्योत्स्नाच्या कोपरावर होता.

तो हात दिवसभर तिथंच राहिला. नव्या नवरीनं धरावा तसा. ज्योत्स्ना तिच्या कानाशी लागून सारखं काहीतरी सांगत होती आणि पुनम मान हलवत होती. मी एका बाजूनं चालत होते. दोनदा मी काही बोलले ते पुनमला कळलंच नाही, कारण तेव्हा ज्योत्स्नाची कुजबुज चालू होती. पुनमची पर्स, फोन, पाण्याची बाटली, सगळं ज्योत्स्नाच्या पिशवीत. पुनम मोकळी, महाराणीसारखी.

मी चहा आणला. पुनमपुढे कप धरला. तिनं घेतलाच नाही. समोर बघत राहिली. चहा हिंदकळून माझ्या बोटांवर आला तरी नाही. शेवटी ज्योत्स्नानं माझ्या हातातून कप घेतला आणि पुनमच्या बोटांत दिला. तेव्हा तिनं घेतला. माझ्या हातचा चालत नाही आता.

मांडवात शिरताना ती उंबऱ्यावर थबकावं तशी थबकली. मागचे लोक ओरडायला लागले. मी म्हटलं, चल ना. ती म्हणाली, "थांब जरा, उन्हातून आलो ना." ज्योत्स्नानं तिला हळूच आत घेतलं. एवढे लाड.

गोधड्यांच्या दुकानात एक सुंदर गोधडी होती, पुनम म्हणाली, "हिरवी छान आहे." गोधडी निळी होती. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "चित्रकलेच्या बाई, तुमच्या शाळेत निळ्याला हिरवा म्हणतात का?" विकणारी हसली, मीही हसले. पुनम हसली नाही. ज्योत्स्नानं माझ्याकडे असं बघितलं की जणू मी कुणाच्या ताटात माती कालवली. मला मात्र बरं वाटलं, खोटं का लिहू?

पुनम सगळ्यात जास्त रमली ती टोपल्यांपाशी. धनीबाई नावाची सातपुड्यातली म्हातारी बांबूच्या टोपल्या विणत बसली होती. पुनम खाली मांडी घालून बसली आणि एकेक टोपली मांडीवर घेऊन तिच्यावरून बोटं फिरवत राहिली. विणीचे टाके बोटांनी मोजत होती. धनीबाई विणायची थांबली आणि पुनमच्या हातांकडे बघायला लागली. मग तिनं आपल्या हातातली अर्धी टोपली पुनमच्या हातात दिली, तिची बोटं धरून एक पट्टी आत-बाहेर, आत-बाहेर घालून दाखवली. पुनमला लगेच जमलं. म्हातारी म्हणाली, "तुझी बोटं बघतात, बाई." पुनमचे डोळे भरून आले. दोन टोपल्यांसाठी एवढं. ज्योत्स्ना आणि धनीबाई त्यांच्या पावरी बोलीत काहीतरी बोलल्या. म्हातारीनं पुनमच्या डोक्यावर हात ठेवला. मी तिथं उभीच.

ब्लाउज दिला तेव्हा पुनमनं बाहीची पट्टी चाचपली, "किती बारीक केलीस वं," म्हणाली. रंगाबद्दल एक शब्द नाही. तिच्यासाठी म्हणून अख्खं अमळनेर पालथं घालून जांभळा खण आणला होता.

पाचनंतर ज्योत्स्ना धुळ्याच्या गाडीची चौकशी करायला बसस्टँडकडे गेली. जाताना मला म्हणाली, "रत्नाताई, पुनमताईंना सोडून कुठं जाऊ नका. टोपल्यांपाशीच थांबा, मी येते." माझ्या मैत्रिणीला सोडून जाऊ नका, असं ती मला सांगते.

पावणेसहाला तिचा मला फोन आला. गर्दी आहे, उशीर झाला, आता निघालेय, तुम्ही तिथंच ना?

मी म्हटलं, "नाही, आम्ही दुसऱ्या गेटवर आलोय. तिकडे या."

दुसरं गेट मैदानाच्या पार पलीकडे. रस्त्यानं वळसा घालून जावं लागतं. मला फक्त अर्धा तास हवा होता. वर्षातला अर्धा तास.

पुनमनं विचारलं, "काय म्हने?" मी म्हटलं, "ई राहिनी."

तो अर्धा तास मात्र चांगला गेला. मी भरीत आणि कळण्याची भाकरी आणली, पुनमच्या हातातच दिली. कॉलेजच्या गोष्टी निघाल्या. ग्रंथपाल आबांच्या झोपेवरून पुनम इतकी हसली की तिला ठसका लागला. मला वाटलं, ही आली परत. हीच माझी पुनम.

मग दिवस कलला. दुकानांचे दिवे अजून लागायचे होते. पुनमनं हातातली भाकरी खाली ठेवली. म्हणाली, ज्योत्स्ना अजून कशी नाही आली. मी म्हटलं, येईल. दोन मिनिटांनी परत तेच. तिचा फोनही ज्योत्स्नाच्याच पिशवीत.

"माले ज्योत्स्नाकडे लई चाल," म्हणाली. मला तिच्याकडे घेऊन चल.

मी म्हटलं, "मी शे ना, मी आहे ना इथं. मी सोडते तुला स्टँडवर."

ती म्हणाली, "तुले नही जमाव, रत्ना."

हे ती अगदी शांतपणे म्हणाली. मला नाही जमणार. पंचवीस वर्षं ज्या मुलीबरोबर मी एका ताटात जेवले, तिला बसमध्ये बसवून द्यायला मला जमणार नाही. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "मग बस तिचीच वाट बघत." लाडवांचा डबा तिच्या मांडीवर ठेवला आणि निघाले. ती मागून हाक मारत होती. एकदा "रत्ना" म्हणाली, मग जरा मोठ्यानं. मी वळून बघितलं नाही. स्टेशनला आले आणि पहिली गाडी पकडली.

ज्योत्स्ना दुसऱ्या गेटवरून शोधत आलीच असेल. दहा मिनिटं एकटी बसली तर काय बिघडलं? मोठी बाई आहे.

२१ जानेवारी, मंगळवार

ज्योत्स्नाचा फोन. पुनम पडली. मेळ्यातच, मी निघाल्यावर. मांडवाच्या दोरीत पाय अडकला. उजवं मनगट मोडलंय, प्लास्टर घातलंय.

दोरी एवढी जाड, पांढरी, पायात येईपर्यंत दिसली नाही? पण उजवा हात. चित्रकलेच्या बाईचा उजवा हात.

ज्योत्स्ना गेटबद्दल काही बोलली नाही. मीही नाही.

२३ जानेवारी, गुरुवार

धुळ्याला जाऊन आले. बीपी घेतलं नाही, घ्यायची भीती वाटते.

दार ज्योत्स्नानं उघडलं. पुनम पलंगावर बसली होती, प्लास्टर गळ्यात अडकवलेलं. मी म्हटलं, "काय वं, रस्त्यात बघून चालावं." ती म्हणाली, "तेच जमत नाही ना आता."

मग तिनं सांगितलं. डोळ्यांच्या पडद्याचा आजार आहे. तीन वर्षं झाली. आधी बाजूचं जातं, मग मधलं. आता तिला नळीतून बघितल्यासारखं दिसतं, तेही भरपूर उजेड असला तर. दिवस कलला की काहीच नाही. रंग मिसळतात. औषध नाही. शाळेत कुणाला माहीत नाही, एक ज्योत्स्ना सोडून. तिला कळलं कारण एकदा वीज गेली तेव्हा पुनम जिन्यात अर्ध्यावर उभी राहिली होती, ना वर, ना खाली, आणि ज्योत्स्नाच्या ते लक्षात आलं.

मी ऐकत होते. मला चहाचा कप आठवत होता. गोधडी आठवत होती.

मी विचारलं, "माले काबर नही सांगं?" मला का नाही सांगितलंस? आजारी माणसाला पहिला प्रश्न हा विचारला मी.

पुनम म्हणाली, "तुला सांगितलं असतं तर तू रडली असतीस. मग मला तुझी समजूत घालावी लागली असती."

तेव्हा मी रडतच होते. तिनं डाव्या हातानं माझी पाठ थोपटली.

मग ती म्हणाली, "पडले नसते गं. ही बाई दुसऱ्या गेटवर जाऊन उभी राहिली. दहा वेळा सांगितलं होतं टोपल्यांपाशी म्हणून." आवाजात राग होता. चार दिवस साठलेला.

मी ज्योत्स्नाकडे बघितलं. तिनं माझ्याकडे एकदा बघितलं. म्हणाली, "ऐकण्यात घोटाळा झाला माझा, ताई." आणि चहा ठेवायला आत गेली.

मी तोंड उघडलं नाही.

२६ जानेवारी, रविवार

परत धुळ्याला. आता दर रविवारी जाणार. पुनमचे केस विंचरून वेणी घातली, कढी-खिचडी केली. ती ज्योत्स्नाशी तुटक बोलते. "राहू दे, रत्ना करेल," असं दोनदा म्हणाली. गेली दोन वर्षं हे वाक्य ऐकायला माझे कान आसुसले होते. आणि ऐकलं तेव्हा गोडही वाटलं. लाज वाटली, पण गोडही वाटलं, दोन्ही लिहिते.

स्वयंपाकघरात ज्योत्स्ना एकटी भेटली. मी विचारलं, "तुम्ही सांगितलं का नाही तिला?"

ती भांडी पुसत होती. म्हणाली, "त्यांच्याजवळ माणसं किती आहेत, ताई? एक तुम्ही, एक मी. पुढे अजून लागतील. त्यातलं एक कमी करून मला काय मिळणार?"

"पण ती तुमच्यावर चिडलीये."

"चिडू दे. चिडल्या तरी माझ्याच गाडीवर बसायचं आहे त्यांना."

मला वाटलं होतं ती मला धाकात ठेवेल. तसं असतं तर सोपं गेलं असतं. इतकं चांगलं वागणारं माणूस माझ्या डोळ्यासमोर नको होतं. पुनमनं हिला का निवडलं ते मला कळलं आणि कळल्यामुळे जास्तच लागलं.

२९ जानेवारी, बुधवार

१५८/९८. तीन ब्लाउज उलटे शिवले. गिऱ्हाईकबाई म्हणाल्या, तब्येत बरी आहे ना. यांना सगळं सांगितलं. मला वाटलं ओरडतील. बूट काढून बाजूला ठेवले. मग म्हणाले, "मला सांगून काय उपयोग?"

२ फेब्रुवारी, रविवार

सांगितलं.

ज्योत्स्ना बाजारात गेली होती. मी पुनमच्या समोर, उजेडाच्या बाजूला खुर्ची घेऊन बसले, म्हणजे तिला मी दिसेन. आणि म्हटलं, ज्योत्स्नाला दुसऱ्या गेटवर मी पाठवलं. ती विचारत होती, मी खोटं सांगितलं. मला तू एकटी हवी होतीस.

पुनमनं आधी वेळ विचारली. "किती वाजता सांगितलंस?"

"पावणेसहाला."

"म्हणजे आपण भरीत खात होतो तेव्हा तुले माहीत व्हतं."

"हो."

"मी हसत व्हतू तवय."

"हो."

ती खिडकीकडे तोंड करून बसली. मी वाट बघत होते, ती काहीतरी टोचून बोलेल, मग मी रडेन, मग ती पाठ थोपटेल. तसं काही झालं नाही. तिकडेच तोंड ठेवून म्हणाली, "अंधार झाल्यावर मी तुला हाका मारत होते. मला वाटलं, तू जवळच उभी असशील, चिडून. म्हणून मी तुझ्याच बाजूला चालत आले. तिथं दोरी होती."

हे मला माहीत नव्हतं. मला वाटत होतं ती ज्योत्स्नाला शोधत निघाली असेल.

ज्योत्स्ना आली तेव्हा पुनमनं तिला बसायला सांगितलं आणि माझ्यासमोर तिची माफी मागितली. ज्योत्स्ना ओशाळली, "जाऊ द्या ताई" म्हणाली. पुनम म्हणाली, "नाही, दोन आठवडे मी तुला माणसासारखं वागवलं नाही." मला काही म्हणाली नाही. मी निघाले तेव्हा फक्त एवढंच, "मंगळवारी हेडमास्तरांना डोळ्यांचं सांगायचं आहे. आता लपवता येणार नाही. ज्योत्स्ना आत येणार आहे माझ्याबरोबर. तुला यायचं तर ये. पण बाहेर बस."

४ फेब्रुवारी, मंगळवार

गेले. अकराची वेळ दिली होती, मी दहालाच पोचले. हेडमास्तरांच्या खोलीबाहेर एक बाक आहे, त्यावर बसले. दोघी आल्या, माझ्यासमोरून आत गेल्या. दार लागलं.

आत पाऊण तास लागला. पुनमची नोकरी म्हणजे तिचं सगळं. भाडं, औषधं, तिचं एकटं राहणं, सगळं त्या दाराआड होतं. मला एकही शब्द ऐकू येत नव्हता. ज्योत्स्नाचा आवाज मात्र दोनदा आला. ती स्पष्ट बोलत होती, न घाबरता. मी असते तर रडले असते. पुनम बरोबर म्हणाली होती, मला नाही जमणार. तरी त्या बाकावर बसून मला असंच वाटत होतं की आत मी हवी होते. खोटं लिहून काय करू? अजूनही तसंच वाटतंय.

शिपाईमामा दोनदा विचारून गेले, कुणाला भेटायचंय? मी म्हटलं, कुणाला नाही.

दार उघडलं. हेडमास्तर दारापर्यंत आले होते. म्हणत होते, प्रमाणपत्र आणा, आपण वर लिहू, तोवर वाचनालयाकडे बघा, घाईनं काही होणार नाही. आवाज चांगला होता. पुढे काय होईल ते होईल.

खोलीतल्या दिव्यांतून त्या बाहेरच्या अंधाऱ्या व्हरांड्यात आल्या आणि पुनम थबकली. मी तिच्या समोरच होते, तीन हातांवर. तिचे डोळे माझ्या चेहऱ्यावरून पुढे गेले. ज्योत्स्ना काही सांगणार होती, पण तिनं मला बघितलं आणि गप्प राहिली.

पुनमनं विचारलं, "रत्ना शे का?"

"शे," मी म्हटलं.

तिनं नुसती मान हलवली. मग आम्ही जिन्याकडे निघालो. डाव्या बाजूला ज्योत्स्ना होती, पुनमनं तिचं कोपर धरलं. उजव्या बाजूला मी. त्या बाजूचा हात प्लास्टरमध्ये होता, तो धरता येत नाही. मी तिच्या शेजारून, तिच्या पावलानं, एकेक पायरी उतरत खाली आले.